ड्रॉइंगचा जॉब बाकावरच उभा करा
डिप्लोमा किंवा आयटीआयच्या पोरांना इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवत असाल तर हे एकदा करून बघाच. एका बाजूला खाच असलेला साधा एल आकाराचा जॉब, म्हणजे ज्याचं ड्रॉइंग काढायचं ती वस्तू, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनवा, त्याची जीएलबी (थ्रीडी मॉडेलची) फाईल काढा आणि वेबपेजवर थ्रीडी मॉडेल दाखवणाऱ्या गूगलच्या मॉडेल-व्ह्यूअरने वेबपेजवर टाका, मग मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघितलं की तो जॉब बाकावर ठेवल्यासारखा दिसतो. पण फोन लगेच हातात देऊ नका हां! आधी कागदावर फ्रंट, टॉप, साईड तिन्ही व्ह्यू काढायला लावा, मग बाकाभोवती फिरून ज्याचं त्याने तपासायचं. आपल्याकडे व्ह्यू मांडायची फर्स्ट अँगल पद्धत, म्हणजे डावीकडून जे दिसतं ते उजवीकडे काढायचं, आणि पोरं अडकतात ती नेमकी इथेच, तर डाव्या बाजूला जाऊन उभं राहिलं की खाच दिसते का लपते, म्हणजे सलग रेघ की तुटक, ते डोळ्यांनीच कळतं. चकचकीत पांढऱ्या सनमायकावर मॉडेल सरकत राहतं कारण कॅमेऱ्याला पकडायला खुणाच नसतात, खाली वर्तमानपत्र अंथरा. कॅमेऱ्यात मॉडेल असं दाखवायला अँड्रॉइड फोनला लागणारं गूगलचं एआरकोर सगळ्यांच्या फोनवर चालत नाही, तिघांत एक फोन दिला तरी पुरतो, त्यात वाद घालतात ते तर फारच छान.