एनार्जाइट तापवताना: नवख्या अभ्यासकासाठी

तांब्याच्या प्रगलनातील (खनिज वितळवून धातू वेगळा करण्यातील) अशुद्ध खनिजांवर काम सुरू करणारा अभ्यासक आधी तापमानाची चौकशी करतो, आणि मीही तेच केले. खरे तर भट्टीत ऑक्सिजन किती आहे, हे त्याआधी विचारायला हवे.

माझ्या वाट्याला एनार्जाइट, म्हणजे तांबे, आर्सेनिक आणि गंधक यांचे खनिज आले. आर्गॉन या निष्क्रिय वायूत तापवल्यास ते प्रथम काही गंधक सोडून टेनंटाइट (त्याच मूलद्रव्यांचे, पण कमी गंधकाचे खनिज) बनते आणि तापमान आणखी वाढल्यावर त्यातील आर्सेनिक सल्फाइडाच्या वाफेच्या रूपाने निघून जाते. पहिल्या टप्प्यातील वजनघट सूत्रावरून ६.१ टक्के येते, माझी मात्र त्याहून बरीच जास्त आली. कितीतरी दिवस मी तापमापकाला दोष देत होतो आणि दोष नमुन्याचा होता: त्यात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज, मिसळलेले होते, जे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ २७ टक्के गंधक सोडते. नमुन्यात कोणती खनिजे आहेत हे सांगणारे क्ष-किरण विवर्तन तापवण्याआधी करावे, हे मी असे उशिरा शिकलो.

दुसरी चूक भट्टीच्या नळीच्या थंड टोकाने दाखवून दिली. तेथे पिवळा-नारिंगी सल्फाइडाचा थर अपेक्षित असताना पांढरा थर जमला, म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड. जोडातून हवा आत शिरत होती. (हा थर जहाल विषारी असतो, त्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि बाहेर पडणारा वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून सोडावा.)

ऑक्सिजन वाढवला की आर्सेनिक अधिक उडेल, हा तर्क सरळ वाटतो, पण फसवा आहे. ऑक्सिजन जास्त झाल्यास आर्सेनिक लोहाच्या ऑक्साइडाशी संयोग पावून आर्सेनेटच्या रूपात घन अवशेषातच अडकते. म्हणूनच आंशिक भर्जन (खनिज न वितळवता तापवून त्यातील काही गंधक व आर्सेनिक काढणे) सुमारे ७०० अंश सेल्सिअसला, मोजून दिलेल्या ऑक्सिजनमध्ये करतात. प्रगलनाच्या १२०० ते १३०० अंशांवर तेच आर्सेनिक वायू, मळी (वर तरंगणारा वितळलेला टाकाऊ भाग) आणि मॅट (तांबे व लोहाच्या सल्फाइडांचा वितळलेला रस) यांच्यात विभागले जाते. बिस्मथ ही दुसरी अशुद्धी अधिक चिवट आहे: मळीत ते फारसे जात नाही, त्यामुळे वायूत न गेलेला भाग मॅटमधून थेट ॲनोडपर्यंत, म्हणजे विद्युत शुद्धीकरणासाठी ओतलेल्या तांब्याच्या पाट्यांपर्यंत, पोहोचू शकतो.

तापवताना घटणाऱ्या वजनाचा आलेख किती गेले एवढेच सांगतो, काय गेले हे सांगत नाही. त्यामुळे आता मी प्रत्येक प्रयोगानंतर मुशीतील अवशेष, नळीतील थर आणि वायू ज्यातून सोडला ते द्रावण या तिन्हींतील आर्सेनिक मोजतो आणि त्यांची बेरीज मूळ नमुन्याशी जुळल्याशिवाय आलेखाचा अर्थ लावत नाही.