फॉर्ममधले तीन रकाने: पहिलं विमान आणि पहिला बेस

गोंदियाच्या फ्लाइंग स्कूलमधल्या एका ज्युनिअरचा परवा फोन आला. "ताई, विमान कंपनीकडून पायलटची ऑफर आली! फॉर्म उद्या संध्याकाळपर्यंत भरायचाय. एटीआर लिहू की एअरबस? आणि बेस?" एटीआर म्हणजे पंख्यांवर उडणारं छोटं विमान, एअरबस म्हणजे मोठं जेट. बेस म्हणजे ज्या शहरातून तुमच्या ड्युट्या सुरू होतात ते; त्याच्या पसंतीचे फॉर्ममध्ये तीन रकाने.

सात वर्षांपूर्वी मीही असाच फोन केला होता, पण सिन्नरच्या मामाला. मामा एसटीत ड्रायव्हर. विमानाबद्दल त्यानं एक अक्षर विचारलं नाही. "मुक्कामी ड्युट्या किती? डेपोपासून खोली किती लांब? आणि बदलीचा अर्ज टाकला तर नंबर कधी लागतो?" यातल्या एकाचंही उत्तर मला देता आलं नाही. आता कोणी विचारलं की मी मामाचे हेच तीन प्रश्न पुढे करते. चौथा माझा: कॅप्टनची खुर्ची कुठे लवकर रिकामी होणार आहे?

आधी विमान. निवड खरंच मिळते का, ते पाहा. पुष्कळदा कंपनीच सांगते, अमुक बॅच एअरबसला, तमुक एटीआरला. तसं असेल तर सरळ बेसकडे वळा. निवड असेल तर विमानाचा विचार जास्त करा. बेस बदलायला अर्ज लागतो, विमान बदलायला नवं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान उडवायचं प्रशिक्षण आणि परवानगी. ते कंपनीनं करून दिलं तर बॉन्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, स्वतः केलं तर लाखांचा खड्डा. शिवाय डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या नियमानं फर्स्ट ऑफिसरला (सहवैमानिकाला) सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कॅप्टनला वर्षाची. पटलं नाही, निघालो, असं इथे होत नाही.

मी एटीआर ७२ निवडलं. खरं सांगायचं तर थोडं नाइलाजानंच, कारण एअरबसच्या जागा माझ्या क्रमांकापर्यंत पोचल्याच नाहीत. हॉस्टेलवर पोरं "पंख्याचं विमान" म्हणून हसायची. पण हे विमान हात शिकवतं. इंजिनची ताकद आपोआप कमीजास्त करणारं ऑटोथ्रॉटल नाही, पॉवर स्वतःच्या हातानं सांभाळायची. कमाल उंची २५ हजार फूट, म्हणजे जुलैत कोल्हापूर किंवा बेळगावला निघालात की ढगांच्या वरून नाही, ढगांच्या मधून वाट काढायची. तासाभराचे टप्पे, दिवसाला चार लँडिंग सहज. जमिनीवर वीज आणि एसी पुरवणारं छोटं जादा इंजिन, म्हणजे एपीयू, नसल्यामुळे उजव्या इंजिनचा पंखा ब्रेकनं थांबवून इंजिन तेवढं चालू ठेवतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात. मे महिन्यात नांदेडच्या ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, उन्हात उभं राहिलं की या नावातला विनोद कळतो.

दुसरी बाजू तासांची. एटीपीएल, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणारं लायसन्स, त्याला उड्डाणाचे १५०० तास लागतात. माझा बॅचमेट एअरबसवर, दिल्ली–बंगळूरसारख्या लांब टप्प्यांवर. त्याची तासांची वही माझ्यापेक्षा भराभर भरली. पण कॅप्टन मी आधी झाले, कारण आमच्या ताफ्यात जागा निघाल्या आणि त्याच्या पुढे ज्येष्ठांची लांबलचक रांग होती. तुमच्या कंपनीत नेमकं उलटही असेल. म्हणून कंपन्यांच्या नव्या विमानांच्या ऑर्डरच्या बातम्या वाचा. २०२३ मध्ये इंडिगोनं एअरबसच्या ए३२० कुटुंबातली ५०० विमानं एका दमात मागवली, एअर इंडियानं एअरबस-बोइंग मिळून ४७०. एवढ्या विमानांना कॅप्टन लागणारच. प्रश्न एवढाच, की ती येणार कधी आणि तुमच्या पुढे किती जण उभे आहेत. हा आकडा एचआर सांगणार नाही. तुमच्या दोन बॅच आधी लागलेल्या फर्स्ट ऑफिसरला विचारा.

आणखी एक हिशेब कोणी बोलून दाखवत नाही. कंपनी बुडाली तर? एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. अशा वेळी ज्याच्या हातात देशात सगळ्यात जास्त उडणाऱ्या विमानाचं रेटिंग, त्याला ठोठावायला जास्त दारं. भारतात ते विमान ए३२०. घरावर शिक्षणाचं कर्ज असेल आणि दोन्ही पर्याय खरोखर समोर असतील, तर मी एअरबस लिहायला सांगते. मला एटीआर कितीही आवडत असलं तरी.

आता बेस. इथे मराठी मुलं हमखास चुकतात: पहिला पर्याय मुंबई, दुसरा मुंबईजवळचं काहीतरी, तिसरा कोरा. मुंबई हवीच असेल तर आधी विचारा, मुंबई म्हणजे कुठला विमानतळ? डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं उडतात. ड्युटी दोन्हीकडून लागणार असेल तर मरोळची महागडी खोली अर्धी वाया. उलट पनवेल-खारघरकडे घर असणाऱ्याचं नशीब उघडलं.

स्टँडबाय हा यातला कळीचा शब्द. घरी बसायचं, पण बोलावलं की ठरलेल्या वेळात हजर व्हायचं. ती वेळ किती, ते लेखी मागा. "मी पुण्याहून ये-जा करीन" म्हणणाऱ्या एका मुलाला पहाटे तीनला फोन आला आणि तो खंडाळ्याच्या घाटात ट्रकच्या मागे अडकला. पुढे काय झालं ते तो अजून सांगत नाही.

मी हैदराबाद लिहिलं. नाशिकला थेट विमान होतं म्हणून. कागदावर झकास! पण स्टाफ तिकीट सबलोड असतं, जागा उरली तरच बसायला मिळतं. पहिल्या दिवाळीला मी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हैदराबादच्या शमशाबाद विमानतळाच्या गेटवर करंज्यांचा रिकामा डबा घेऊन उभी होते आणि दार बंद झालं. म्हणून घरी जायचा मार्ग मोजताना थेट विमानं मोजू नका, दिवसातली एकूण विमानं मोजा, वाट वाकडी असली तरी. आता साप्ताहिक विश्रांती ४८ तासांची झाली आहे, आधी ३६ होती. या बारा तासांनी गावाकडच्या पोरांचं गणित पुष्कळ बदललं. बेसपासून घरापर्यंत जाऊन परत येण्यातला वेळ वजा केला की त्यातले किती तास उरतात, ते कागदावर मांडा.

हवामानाकडेही बघा. दिल्लीला डिसेंबर-जानेवारीचं धुकं, कोलकात्याला उन्हाळ्यातली वादळं, मुंबईला पावसात आकाशात घिरट्या. शिकायला तिन्ही चांगली. आईवडील आजारी असतील तर दिल्लीच्या धुक्यात अडकलेला मुलगा त्यांच्या काही कामाचा नाही, हेही खरं.

पगार बघताना प्रतितास भत्ता बघू नका, हमीचे तास, म्हणजे उडलात नाही तरी ज्यांचे पैसे मिळतात ते, किती ते बघा. त्यातून घरभाडं वजा करा. हैदराबादला माझ्या हातात जे उरायचं ते मुंबईतल्या मैत्रिणीच्या हातात उरत नव्हतं, पगार तोच असून.

तिसरा रकाना कोरा सोडू नका आणि "कुठेही चालेल" तर मुळीच लिहू नका. कंपनीला जिथे कोणी जात नाही तिथे पाठवायला असंच माणूस हवं असतं. तिथे असं शहर लिहा जिथे तुम्ही दोन वर्षं खरंच काढू शकाल. भरलेल्या फॉर्मची प्रत स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा.

आणि बदलीचा अर्ज लाइन रिलीज झाल्याच्या, म्हणजे प्रशिक्षण संपून नेहमीच्या ड्युटीला मोकळं केल्याच्या, दिवशीच टाका. आमच्याकडे रांग अर्जाच्या तारखेनं लागते. मी "बघू, आधी रुळते" म्हणत पाच महिने घालवले. त्या पाच महिन्यांत माझ्यापुढे अकरा जण लागले.