ग्रुप पॉलिसी उघडत नाही? परवानग्यांना हात लावण्याआधी हे तपासा

ऑफिसच्या सगळ्या विंडोज कॉम्प्युटरना एका जागेवरून नियम लावायची सोय म्हणजे ग्रुप पॉलिसी. ऑफिसच्या सर्व्हरवर ग्रुप पॉलिसी मॅनेजमेंट उघडली, पॉलिसीवर राइट क्लिक करून एडिट दाबलं, की कधीकधी एक चौकट येते: पॉलिसी उघडता आली नाही, तुमच्याकडे पुरेसे अधिकार नसावेत. पुष्कळ जण इथेच फसतात आणि परवानग्या बदलायला घेतात. त्या चौकटीत खाली डिटेल्स म्हणून आणखी एक ओळ असते, खरं कारण तिथे सापडतं. तिथे 'ॲक्सेस इज डिनाइड' लिहिलेलं असेल तरच अधिकारांचा संशय घ्या. 'नेटवर्क पाथ सापडला नाही' किंवा 'डोमेन कंट्रोलरशी संपर्क होत नाही' असं असेल (डोमेन म्हणजे ऑफिसच्या जोडलेल्या कॉम्प्युटरचा गट, तो सांभाळणारा सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर), तर परवानग्या बदलून काही साधणार नाही. उलट मूळ बिघाडावर आणखी एक बिघाड चढेल.

कन्सोलच दिसत नसेल तर प्रश्न सोपा आहे. सर्व्हर मॅनेजरमधून फीचर्समध्ये जाऊन ग्रुप पॉलिसी मॅनेजमेंट बसवा. विंडोज होम असलेल्या लॅपटॉपवर लोकल पॉलिसीचं एडिटर मिळतच नाही, तिथे शोधत बसू नका.

आधी घड्याळ

कोकणात जूनपासून वीज किती वेळा जाते-येते हे सांगायला नको. यूपीएसची बॅटरी मेली की सर्व्हर धाडकन बंद होतो, आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असला तर पुन्हा चालू होताना तारीख काही वर्षं मागे गेलेली असते. डोमेनमधली ओळख पटवण्याचं काम कर्बेरॉस करतो आणि तो जास्तीत जास्त ५ मिनिटांचा फरक चालवून घेतो. त्यापुढे पासवर्ड अचूक असला तरी दार बंद.

सर्व्हरवर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /सोर्स' चालवा. उत्तरात 'लोकल सीमॉस क्लॉक' आलं, तर सर्व्हर बाहेरून वेळ घेतच नाही. पीडीसी एम्युलेटर (डोमेनमध्ये वेळेचा प्रमुख कंट्रोलर) असलेल्या सर्व्हरला बाहेरचा एनटीपी, म्हणजे वेळ पुरवणारा, सर्व्हर द्या. बाकी सगळ्या यंत्रांची वेळ शेवटी त्याच्यावरूनच ठरते. फरक ४८ तासांहून जास्त असेल तर डोमेन कंट्रोलरची टाइम सर्व्हिस तो आपणहून दुरुस्त करत नाही. अशा वेळी तारीख आणि वेळ आधी हाताने लावा, मग 'डब्ल्यू३२टीएम /रीसिंक' द्या. हाताने लावताना वर्ष दोनदा बघा. चुकून पुढचं वर्ष पडलं तर खोडलेल्या नोंदींचा हिशेब बिघडतो आणि दुसऱ्या कंट्रोलरशी देवाणघेवाण थांबते. सेल त्याच दिवशी बदला, नाहीतर पुढच्या गडगडाटात पुन्हा हेच.

मग डीएनएस

डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा. तिचं दुखणं पावसाळ्याच्या तोंडावर हमखास दिसतं. वळवाच्या विजेने राउटर जळतो, इंटरनेटवाला नवा लावून जातो, नेट सुरू झालं म्हणून सगळे खूश. पण नव्या राउटरचं डीएचसीपी (कॉम्प्युटरना पत्ते वाटणारी सोय) चालूच असतं आणि तो प्रत्येक कॉम्प्युटरला डीएनएस म्हणून स्वतःचाच पत्ता वाटतो. राउटरला तुमचं डोमेन ठाऊक नसतं. परिणामी इंटरनेट मस्त चालतं, शेअर केलेला प्रिंटर कधी चालतो कधी नाही, आणि पॉलिसी मात्र सापडत नाही.

'आयपीकॉन्फिग /ऑल' लावून डीएनएसची ओळ वाचा. तिथे फक्त डोमेन कंट्रोलरचा पत्ता हवा. 'दुसरा पर्याय' म्हणून ८.८.८.८ घालून ठेवण्याची सवय मोडा. पहिल्याने उत्तर द्यायला उशीर केला की विंडोज दुसऱ्याकडे वळतं आणि मग काही काळ तिकडेच विचारत राहतं. बाहेरचा डीएनएस लागतोच, पण त्याची जागा सर्व्हरवरच्या डीएनएस कन्सोलमध्ये, फॉरवर्डर्समध्ये. राउटरचं डीएचसीपी बंद करा. नंतर 'एनएलटेस्ट /डीएसगेटडीसी:' पुढे डोमेनचं नाव देऊन चालवा. कंट्रोलरचं नाव परत आलं की रस्ता मोकळा झाला.

पत्ते बरोबर असूनही जमत नसेल तर नेटवर्क प्रोफाइल बघा. वीज आल्यावर सर्व्हर आणि स्विच एकदम सुरू होतात. सर्व्हरला त्या क्षणी डोमेन ओळखता आलं नाही तर तो नेटवर्कला 'पब्लिक' समजतो आणि फायरवॉल आवळतो. स्विच पूर्ण चालू झाल्यावर नेटवर्क ॲडॅप्टर एकदा डिसेबल करून परत इनेबल करा. हे करायला सर्व्हरसमोर बसा, रिमोटवरून केलं तर तुमचंच कनेक्शन तुटेल. समुद्राजवळच्या ऑफिसात केबलचं टोकही काढून पाहा. खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट थर चढतो आणि लिंक धरत-सोडत राहते. टोक घासत बसू नका, कापून नवीन क्रिम्प करा.

सिसव्हॉल

यादीत पॉलिसी दिसते, पण उघडत नाही, याचा अर्थ नाव ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, आहे आणि फाइल्स हाताला लागत नाहीत. या फाइल्स सिसव्हॉल शेअरमधल्या पॉलिसीज फोल्डरात असतात. 'नेट शेअर' चालवा. सिसव्हॉल आणि नेटलॉगऑन ही दोन्ही नावं दिसलीच पाहिजेत. दिसत नसतील तर हाताने शेअर करू नका. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डीएफएस रेप्लिकेशनचा (कंट्रोलरांमधल्या फाइल्सच्या प्रती जुळवणाऱ्या सेवेचा) लॉग उघडा.

२२१३ क्रमांकाची नोंद म्हणजे सर्व्हर धाडकन बंद पडल्यावर रेप्लिकेशन थांबलं. पुन्हा सुरू करण्याची कमांड त्या नोंदीतच लिहिलेली असते. सिसव्हॉलची कॉपी बाजूला काढून ठेवा आणि मगच ती कमांड चालवा. ४०१२ म्हणजे हा सर्व्हर ६० दिवसांहून जास्त काळ जोडीदार कंट्रोलरपासून तुटलेला होता. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धन पट्ट्यात वीज यायला कित्येक दिवस गेले. एवढ्या खोळंब्यानंतर एखाद्या शाखेतला कंट्रोलर तसाच कोपऱ्यात पडून राहिला, की ६० दिवस सहज भरतात. अशा सर्व्हरवर मुख्य कार्यालयाची प्रत नव्याने उतरवून घ्यावी लागते, म्हणजे नॉन-ऑथोरिटेटिव्ह सिंक. काम पुरं झालं की ४६०४ ची नोंद येते. ऑफिसात एकच कंट्रोलर असेल तर हा प्रकार चुकूनही करू नका. प्रत द्यायला दुसरा कोणी नसल्याने तो वाट बघतच राहील.

आता परवानग्या

इथवर सगळं ठीक असेल तर पॉलिसीचा डेलिगेशन टॅब उघडा, कोणाला काय हक्क आहेत ते तिथे दिसतं. ग्रुप पॉलिसी क्रिएटर ओनर्स या ग्रुपमधल्या माणसाला स्वतः बनवलेल्याच पॉलिसी बदलता येतात. जुना माणूस सोडून गेला आणि त्याच्या पॉलिसी नव्याला उघडेनात, याचं कारण बहुधा हेच. डोमेन ॲडमिन्सपैकी कोणीतरी डेलिगेशनमध्ये त्याला एडिटचा हक्क द्यावा. सरसकट डोमेन ॲडमिन करून टाकणं हा आळशी आणि धोकादायक उपाय आहे.

पॉलिसी उघडते पण वापरणाऱ्यांना लागू होत नाही, अशी तक्रार असेल तर ऑथेंटिकेटेड यूजर्सना (ओळख पटलेल्या सगळ्या खात्यांच्या ग्रुपला) रीड, म्हणजे वाचण्याचा हक्क, आहे का ते बघा. जून २०१६ च्या सुरक्षा अपडेटपासून यूजरची पॉलिसीसुद्धा कॉम्प्युटरच्या खात्याने वाचली जाते. त्यामुळे यादीतून तो ग्रुप काढला असेल तर निदान डोमेन कॉम्प्युटर्सना रीड द्यावाच लागतो.

बदल केल्यावर 'जीपीअपडेट /फोर्स' आणि मग 'जीपीरिझल्ट /आर' चालवा. पहिली बदल लगेच लागू करते, दुसरी काय लागू झालं ते दाखवते. नाहीतर साध्या कॉम्प्युटरवर बदल पोचायला ९० मिनिटं, वर आणखी ३० पर्यंत लागू शकतात. तेवढ्यात 'झालंच नाही' म्हणून पुन्हा काही बदलू नका.