गाडीच्या इन्शुरन्सवर विमानाचे पॉइंट: सोलापुरात बसून नेमकं काय करायचं

होटगी रोडवरनं विमानं उडायला लागल्यापासून आपल्याकडं बरेच जण विचारतात, की गाडीचा इन्शुरन्स भरला की विमानाचे पॉइंट मिळतात म्हणे, ते खरंय का आणि कसं करायचं. मिळतात, पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, की आपल्या देशात पॉइंट इन्शुरन्स कंपनी देत नाही, पॉइंट देतं तुमचं क्रेडिट कार्ड. ऑस्ट्रेलियात क्वांटास ही विमान कंपनी स्वतःच्या नावानं गाडीचा विमा विकते आणि पॉलिसी घेतली की पॉइंट थेट खात्यात टाकते. तिकडचे व्हिडिओ बघून आपल्याकडं तसली पॉलिसी शोधत बसू नका. आपल्याकडं १९३८ चा इन्शुरन्स अ‍ॅक्ट आहे, त्याच्या कलम ४१ प्रमाणं पॉलिसी घ्यावी म्हणून प्रीमियममधनं किंवा कमिशनमधनं काही परत देणं बेकायदा आहे, घेणाऱ्यालाही लागू आहे आणि दंड १० लाखांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी "आमच्याकडनं पॉलिसी घ्या, हजारो माइल्स फ्री" असं पाठवलं तर तो नंबर ब्लॉकच करा, कारण अशातनं खोटी पॉलिसी गळ्यात पडायची भीती असते आणि ती खोटी आहे हे अ‍ॅक्सिडेंट झाल्यावरच कळतं.

तर रस्ता असा आहे. कार्डानं प्रीमियम भरायचा, कार्डावर बँकेचे पॉइंट जमा होतात, आणि ते बँकेच्या साइटवरनं विमान कंपनीच्या खात्यात ट्रान्सफर करायचे. इंडिगोचं खातं म्हणजे ब्लूचिप, एअर इंडियाचं म्हणजे महाराजा क्लब (पूर्वीचं फ्लाइंग रिटर्न्स तेच, आणि विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाल्यावर क्लब विस्तारावालेही तिकडंच गेले). दोन्ही खाती फुकट उघडतात, ती आजच उघडून ठेवा, आणि नाव आधार, कार्ड आणि पॉलिसीवर आहे तसंच टाका. एका ठिकाणी नुसतं आडनाव आणि दुसऱ्या ठिकाणी वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव असलं की ट्रान्सफरला अडकतं आणि मग कस्टमर केअरला फोन लावत बसावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या कार्डावर इन्शुरन्सला पॉइंट आहेत का. इथंच बहुतेकांचं गणित चुकतं, कारण बँकांनी गेल्या दोन-तीन वर्षांत इन्शुरन्स, भाडं, वॉलेट, पेट्रोल असले खर्च पॉइंटच्या यादीतनं काढून टाकायला सुरुवात केलीय. काही कार्डांवर इन्शुरन्सला शून्य, काहींवर दिवसाला किंवा महिन्याला ठरावीक कमाल पॉइंट, काहींवर नेहमीच्या निम्मे. कार्ड विकणाऱ्या पोराला विचारू नका, तो "सगळ्यावर मिळतात सर" म्हणूनच सांगणार. बँकेच्या साइटवर तुमच्या कार्डाच्या नावापुढं अटी-शर्तींची पीडीएफ असते, ती उघडा आणि त्यात इन्शुरन्स शब्द शोधा. तिथं कधी कधी नुसते आकडे लिहिलेले असतात, ६३०० किंवा ५९६०. हे दुकानदाराचे कोड आहेत, मशीन किंवा वेबसाइट कुठल्या धंद्याची आहे ते बँकेला त्यावरनं कळतं, आणि हे दोन्ही इन्शुरन्सचे आहेत. वगळलेल्या यादीत हे आकडे दिसले की त्या कार्डावर विषय संपला, दुसरं कार्ड बघा.

आणि त्याच पीडीएफमध्ये अजून एक ओळ शोधा मालक, ती म्हणजे माइलस्टोन, वर्षात ठरावीक खर्च पार केला की मिळणारे जादा पॉइंट. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपातला खरा पैसा तिथंच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा तुमची गाडी १००० ते १५०० सीसीमधली आहे, चार-पाच वर्षं वापरलेली. थर्ड पार्टीचा (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा) दर सरकारनं ठरवलेला, ३४१६ रुपये, कुठल्याही कंपनीत गेलात तरी तेवढाच. ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, वजा जाऊन समजा ४२०० आणि जादा कव्हर म्हणजे अ‍ॅडऑन १५००. झाले ९११६, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण १०,७५७ च्या आसपास. कार्ड शंभराला २ पॉइंट देत असेल तर तुम्हाला मिळाले २१४ पॉइंट. एका पॉइंटची किंमत ५० पैशांपासून रुपयापर्यंत धरली तर १०० ते २०० रुपये. एवढंच. म्हणजे नुसता नेहमीचा प्रीमियम भरून मुंबईचं तिकीट निघत नाही. पण तेच कार्ड जर वर्षात २ लाख खर्च झाल्यावर ५००० पॉइंट जादा देत असेल, आणि तुमचा खर्च वर्ष संपायला आलं तरी १ लाख ९२ हजारांवर अडकला असेल, तर हे १० हजार तुम्हाला पलीकडं नेतात आणि ५००० पॉइंट एकदम पडतात. नवीन कार्डाचा वेलकम बोनसही असाच असतो, अमुक दिवसांत अमुक खर्च करा म्हणून. प्रीमियम असाही भरायचाच असतो, त्यामुळं त्याची वेळ जुळवणं एवढंच आपलं काम. फक्त माइलस्टोनच्या मोजणीत इन्शुरन्स धरतात का ते वेगळं तपासा, कारण काही बँका पॉइंट देत नाहीत पण माइलस्टोनला धरतात, काही दोन्हीला नाही म्हणतात.

नवीन गाडी घेणाऱ्यांनी तर हे नीट वाचा, कारण तिथं रक्कम मोठी असते. २०१८ च्या सप्टेंबरपासून नवीन कारला तीन वर्षांचं थर्ड पार्टी एकदम घ्यावं लागतं, १००० ते १५०० सीसीला तेच १०,६४० रुपये, त्यात ओन डॅमेज, झिरो डेप (पार्ट जुने झाले म्हणून क्लेममधनं पैसे न कापणारं कव्हर) वगैरे धरून आकडा कुठल्या कुठं जातो. आणि हा सगळा आकडा शोरूमवाले ऑन रोड किमतीत मिसळून टाकतात. पाडव्याला किंवा दसऱ्याला डिलिव्हरी पाहिजे म्हणून आपण घाईत असतो, सगळं एका चेकनं नाहीतर लोनमधनं जातं, पॉइंट तर गेलेच, वर प्रीमियमही जास्त. इन्शुरन्स शोरूमकडनंच घ्या अशी सक्ती ते करू शकत नाहीत. कोटेशनमधली इन्शुरन्सची ओळ वेगळी करून मागा, त्याच आयडीव्हीवर (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि त्याच अ‍ॅडऑनवर बाहेरचा कोट काढा, फरक दिसला की शोरूमला दाखवा, बऱ्याचदा ते तिथल्या तिथं कमी करतात. कमी केलं तर म्हणा की इन्शुरन्सचं पेमेंट कंपनीच्या लिंकवर माझ्या कार्डानं करतो. "बाहेरनं घेतलं तर कॅशलेस होणार नाही" (म्हणजे दुरुस्तीचे पैसे कंपनी थेट गॅरेजला देणार नाही) असं सांगतील, त्यात तथ्य एवढंच की ते वर्कशॉप त्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये पाहिजे, आणि ती यादी कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकून दोन मिनिटांत बघता येते.

ही यादी जुन्या गाडीवाल्यांनीही बघायचीच आहे. काही ऑनलाइन कंपन्यांचे दर लय भारी दिसतात पण सोलापूर टाकलं की कॅशलेस गॅरेज मोजकीच दिसतात, आणि अक्कलकोट रोडला गाडी ठोकली तर टोइंग करून कुठं नेणार हा प्रश्न उभा राहतो. कोट लावताना आयडीव्ही सारखा ठेवा, नाहीतर स्वस्त दिसणारी पॉलिसी गाडीची किंमतच कमी धरलेली असते. आणि अ‍ॅडऑन काढून प्रीमियम कमी करताना विचार करा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माढा, मोहोळकडं काय हाल झाले ते आपण बघितलंय. पाण्यात बंद पडलेली गाडी परत स्टार्ट मारली की इंजिन जातं आणि साध्या पॉलिसीत ते सहसा बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्ट वेगळं लागतं. दोनशे रुपयांच्या पॉइंटपायी असलं कव्हर सोडणं परवडत नाही. दोन कंपन्यांत सातशे रुपयांचा फरक असेल तर स्वस्त आणि चांगली ती घ्या, पॉइंटवाली साइट नको.

नो क्लेम बोनसचंही तसंच. तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढतो, पाच वर्षं क्लेम नाही केला की निम्मं ओन डॅमेज माफ. पण पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू नाही केली तर सगळा बोनस शून्य. माइलस्टोनचं वर्ष पुढच्या महिन्यात सुरू होतंय म्हणून पॉलिसी लटकवून ठेवायची, हे अजिबात करू नका. एक दिवस जरी खंड पडला तरी कंपनी गाडीचं इन्स्पेक्शन मागते, आणि तेवढ्यात सात रस्त्याला अडवलं तर विमा नाही म्हणून पहिल्यांदाच २००० रुपये दंड. वेळ जुळवायचीच असेल तर अलीकडं ओढा, मुदत संपायच्या महिनाभर आधी भरता येतं, नवी पॉलिसी जुनी संपल्यावरच सुरू होते.

आता पेमेंट. आपल्याकडं बहुतेकांचा एजंट ठरलेला असतो, वडिलांच्या काळापासनं घरी येणारा, आणि त्याला सोडा असं मी म्हणणार नाही, क्लेमच्या वेळी तोच सर्व्हेअरच्या मागं पळतो. पण आपण त्याला फोनपे करतो आणि तो स्वतःच्या कार्डावरनं कंपनीला भरतो, पॉइंट त्याच्या खात्यात. त्याला सरळ सांगा, "काका, कंपनीची पेमेंट लिंक माझ्या नंबरवर पाठवा, मी भरतो." त्याचं कमिशन त्यानं काही कमी होत नाही, त्यामुळं कुणी नाही म्हणत नाही. कायद्यानंही प्रीमियम कंपनीला पोचल्याशिवाय कव्हर सुरू होत नाही, तेव्हा लिंकवर थेट भरलेलं आपल्याच फायद्याचं. लिंक उघडली की कार्डावर जादा चार्ज लागतोय का बघा, दोन टक्के लागत असेल तर पॉइंटपेक्षा तोच जास्त झाला, मग यूपीआयनं भरून मोकळे व्हा. वॉलेटमध्ये पैसे टाकून त्यातनं भरू नका, तो खर्च वॉलेटचा धरला जातो. ईएमआय करू नका, बहुतेक बँका ईएमआयवर पॉइंट देत नाहीत आणि वर प्रोसेसिंग फी. आणि बिल तारखेला पूर्ण भरायचं, मिनिमम ड्यू नाही, कारण कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं, एक महिना चुकला की १०,७५७ वरचे सगळे पॉइंट धुऊन जातात. ज्यांना दर महिन्याला पूर्ण बिल भरायला ओढाताण होते त्यांनी या फंदात पडूच नये, हे मी मनापासून सांगतो.

पॉलिसी आली की त्यावरचा क्यूआर स्कॅन करा, गाडी नंबर, इंजिन नंबर, चॅसी नंबर आरसीशी जुळवा, आठवड्याभरात एमपरिवहनवर इन्शुरन्सची नवी तारीख दिसते का बघा. पॉइंट स्टेटमेंटला पडतात, नाही पडले तर ट्रान्झॅक्शनची तारीख आणि त्या पीडीएफचं पान जोडून बँकेला मेल टाका, नुसता फोन करू नका. पॉलिसी कॅन्सल केली आणि पैसे परत आले तर पॉइंटही परत जातात, हे लक्षात असू द्या.

राहिलं ते वापरायचं. सोलापुरातनं जून २०२५ पासून गोव्याला फ्लाय ९१ आणि ऑक्टोबरपासून मुंबईला स्टार एअर सुरू झालं, पण तुम्ही जमवलेले ब्लूचिप इंडिगोचे आणि महाराजा पॉइंट एअर इंडियाचे, त्यामुळं ते पुणे नाहीतर हैदराबादवरनं निघणाऱ्या तिकिटाला लावायचे, पोरांना दिल्ली दाखवायची किंवा आईवडिलांना काशीला न्यायचं असेल तेव्हा. बँकेतनं विमान कंपनीकडं गेलेले पॉइंट परत येत नाहीत, म्हणून आधी तारीख ठरवा, पॉइंटमध्ये तिकीट किती लागतंय आणि टॅक्स किती भरायचाय ते बघा, तेच तिकीट पैशांत कितीला आहे ते शेजारी मांडा, आणि मगच ट्रान्सफरचं बटण दाबा. काही बँकांना ट्रान्सफरला दोन-चार दिवस लागतात, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) किंवा दिवाळीच्या सुट्टीचं तिकीट काढायचं असेल तर तेवढे दिवस हातात ठेवून निघा.