पळताना आठवू नये असा किट: सक्करदऱ्याच्या शिलाई दुकानातून

नागपूरच्या सक्करदऱ्यात माझं तीन मशीनचं दुकान आहे. वर्षभर ब्लाउज आणि ड्रेस शिवते. स्पर्धांचा हंगाम आला की रेशीमबागच्या मैदानावरची, मानकापूरच्या संकुलातली पोरं-पोरी येतात, आणि मग महिना-दीड महिना सिंगलेट (पळताना घालायचा बिनबाह्यांचा बनियन) आणि हाफ पँटशिवाय दुसरं काही हातात घेत नाही.

मी स्वतः ८०० मीटर पळायचे. एका राज्य स्पर्धेत अंगावर आलेली पँट मुलांच्या मापाची होती आणि कमरेचं इलॅस्टिक गेलेलं. दुसऱ्या फेरीत डाव्या हाताने कंबर धरून पळाले. चौथी आले. तिसरी आलेली पोरगी माझ्या हातभर पुढे होती. त्या दिवसापासून मला किटबद्दल जे जे कळत गेलं, ते इथे आई-बाबांसाठी, कोचसाठी आणि माझ्यासारख्या शिवणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

सुरुवात मापापासून. सरळ उभं करून घेतलेलं माप लग्नाच्या कपड्याला चालतं. धावणारीचं माप घेताना आधी तिला जागच्या जागी दोन मिनिटं पळायला लावा. मग एक गुडघा कमरेपर्यंत उचलायला सांगून मांडीचा घेर घ्या, आणि छाती मोजताना श्वास पूर्ण भरून घ्यायला सांगा. सगळ्यात जास्त चुका मुंढ्यात, म्हणजे हात घालायच्या गोलात होतात. हात मोकळा राहावा म्हणून मुंढा खोल कापतात, आणि होतं उलटंच. मुंढा खाली गेला की हात हलताना सगळा कपडा वर ओढला जातो. मुंढा काखेच्या जवळ, वर ठेवा. हात डोक्यावर नेल्यावर पोट उघडं पडत नसेल तर माप जमलं.

पँटीला पायांच्या मध्ये चार शिवणी एका ठिकाणी आणू नका. तिथेच घासतं, तिथेच चट्टे उठतात. पतंगाच्या आकाराचा एक तुकडा जोडला की शिवणी बाजूला सरकतात आणि पायही लांब पडतो. जमलं तर फ्लॅटलॉक, म्हणजे कडा सपाट बसवणारी शिलाई करून घ्या, ती अंगाला टोचत नाही. ओव्हरलॉकच करायची असेल तर दोरा मऊ वापरा. कमरेला इलॅस्टिक घाला आणि आतून नाडीही घाला. इलॅस्टिक दगा देतं. नाडीला गाठ मारता येते.

कापडासाठी मी गांधीबागेत जाते आणि बाटलीतलं पाणी सोबत नेते. थानाच्या कोपऱ्यावर एक थेंब टाकायचा. थेंब मण्यासारखा बसून राहिला तर ते कापड घाम ओढणार नाही. लगेच पसरला तर घ्या. मग तुकडा ओला करून, पिळून तळहातावर ठेवायचा. सुती कापड पाणी धरून जड होतं. चांगलं पॉलिस्टर जाळी कापड झटकलं की हलकं. आणि ओला तुकडा उजेडात धरून आरपार दिसतं का तेही बघा, कारण ॲथलेटिक्सच्या नियमांतच आहे की कपडा ओला झाल्यावरही पारदर्शक नसावा. फिकट रंगाचं पातळ कापड इथेच नापास होतं.

नागपुरात एक किट वर्षभर पुरत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पण हवा कोरडी असते, घाम उडतो, आणि घाम उडाला तरच अंग थंड होतं. तेव्हा सरावाला फिकट रंगाचं, थोडं सैल, खांदे झाकणारं घाला. उन्हाने भाजलेला खांदा शर्यतीत कामाचा नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच ओली असते. घाम उडत नाही, नुसता वाहतो, आणि सैल कपडा मांडीला चिकटून पाय धरतो. पावसाळ्यात अंगाबरोबर बसणारं, कमी कापडाचं शिवा.

दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "ताई, असा एखादा कपडा नाही का, जो घातला की टायमिंग कमी होईल?" पोहण्यात असे कपडे आले होते. पॉलियुरेथेनचे पोहण्याचे सूट घालून २००९ च्या रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले, आणि २०१० पासून त्या सूटांवर बंदी आली. धावण्याच्या सिंगलेटमध्ये असं काही नसतं. बुटांत असतं, म्हणून तर ट्रॅकवरच्या शर्यतींसाठी सोलच्या जाडीला आता २० मिलिमीटरची मर्यादा आहे. कपड्याचं काम पोरीची मेहनत हिरावून न घेण्याचं आहे, आणि ते कामही कमी नाही.

आता रंगाबद्दल, कारण इथे मी कोचशीही भांडते. मुलींना पांढरी हाफ पँट देऊ नका. पाळीची भीती पोटात घेऊन कोणती पोरगी मोकळं पाऊल टाकेल? सगळं पांढरं घालायचा दंडक असलेल्या विंबल्डननेसुद्धा २०२३ पासून बायकांना स्कर्टखाली गडद पँट घालायची मुभा दिली. संघाचा रंग पांढरा असेल तर सिंगलेट पांढरं, पँट काळी किंवा नेव्ही.

बाकी रंग, पट्टी, गळा पोरीलाच ठरवू द्या. हा लाड नाही. अमेरिकेची फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर १९८८ मध्ये ऑलिंपिकच्या निवड चाचणीत १०० मीटर १०.४९ सेकंदांत धावली. महिलांचा तो विश्वविक्रम अजून उभा आहे. त्याच निवड चाचणीत ती एका पायाचा सूट घालून उतरली होती, आणि तिचे कपडे ती स्वतःच्या डोक्याने बनवायची. ऑस्ट्रेलियाची कॅथी फ्रीमन २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये घरच्या लोकांसमोर ४०० मीटर पळाली ती डोक्यापासून घोट्यापर्यंत झाकून. जिंकल्यावर सूटाचीच टोपी मागे ओढून ती ट्रॅकवरच बसली. एकीला सगळ्यांनी बघावं असं वाटलं असेल, दुसरीने स्वतःला गुंडाळून घेतलं. तुमची पोरगी यांतली कोणती आहे, हे तिला विचारल्याशिवाय कसं कळणार?

गेल्या हंगामात एक आई पोरीला घेऊन आली. कापलेली पँट हातात धरून म्हणाली, "एवढीशी पँट घालून पळन का पोट्टी, ताई? मोहल्ल्यातले लोक काय म्हणतीन?" पोरगी खाली बघत उभी होती. मी आईला क्रांती साळवींबद्दल सांगितलं. त्या २०१८ ची बर्लिन मॅरेथॉन नऊवारी नेसून चार तासांच्या आत धावल्या. काष्टा दोन्ही पाय मोकळे ठेवतो, आपल्या आज्या त्यात शेतं करत होत्या. मग मी पोरीला तीन नमुने घालायला लावले: आखूड पँट, गुडघ्यापर्यंतची घट्ट टाइट्स आणि सैल लांब पँट. तिने टाइट्स निवडली, पडद्याआडून येऊन आरशासमोर सरळ उभी राहिली. आईही गप्प झाली.

झाकायचं की नाही, हे लोकांनी ठरवलं की खेळ मागे पडतो. आपल्या नागपूरच्या बुद्धिबळपटू दिव्या देशमुखने जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथल्या स्पर्धेनंतर उघडपणे लिहिलं, की प्रेक्षक तिचे डाव सोडून कपडे, केस आणि उच्चार बघत होते. तेव्हा ती १८ वर्षांची होती. पुढच्या वर्षी तिने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. दुकानात कुणी पोरीच्या अंगावर शेरा मारला तर मी ऑर्डर परत देते, मग तो बाप असो की कोच.

छातीवरचा नंबर दुमडता किंवा कापता येत नाही, म्हणून सिंगलेटचा पुढचा भाग त्याहून रुंद ठेवा आणि पिना श्वास भरून घेतल्यावर लावा. नाहीतर दम लागला की कापड छातीला आवळतं.

धुताना साधा साबण, थंड पाणी. कपडे मऊ करायचं ते सुगंधी औषध घालू नका, त्याचा थर बसला की कापड घाम ओढत नाही. वाळवायचं सावलीत. मेच्या उन्हात गच्चीवर टाकलेलं इलॅस्टिक एका उन्हाळ्यात मरतं.

किट शर्यतीच्या पंधरा दिवस आधी हातात द्या, आदल्या संध्याकाळी नाही. मी नवीन किट घालून पोरीला दुकानासमोरच्या गल्लीत टोकापर्यंत तीनदा पळवते. परत आली की एकच विचारते, "कुठे काही जाणवलं?" ती काखेकडे किंवा कमरेकडे बोट दाखवते. मी शिवण उसवायला घेते आणि तिला स्टुलावर बसवते.