तळ्याच्या गाळाचं चुंबकीय मापन: या चुका टाळा

लोणारच्या विवराचे उतार बेसाल्टचे आहेत आणि बेसाल्टात टायटॅनोमॅग्नेटाइट (टायटॅनियम असलेलं मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं चुंबकीय खनिज) भरपूर. जोराच्या पावसात ते धुपून सरोवरात येतं. म्हणून अशा गाळाच्या कोअरमध्ये (तळातून नळीने काढलेल्या उभ्या नमुन्यात) चुंबकीय ससेप्टिबिलिटी, म्हणजे बाहेरच्या चुंबकक्षेत्रात गाळ किती चुंबकित होतो ते माप, वाढली की पाऊस, घटली की दुष्काळ, असा अर्थ चटकन लावला जातो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

तळाशी ऑक्सिजन संपला की जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. त्यात मॅग्नेटाइट विरघळतं, बारीक कण आधी जातात, आणि त्या लोहाचं शेवटी पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज होतं. पायराइटचं चुंबकत्व नगण्य. म्हणजे भरपूर पाण्याचा, शेवाळाने भरलेला काळही आलेखात दुष्काळासारखा दिसू शकतो. उलटही घडतं. पायराइटपर्यंत जाणारी प्रक्रिया अर्ध्यावर थांबली की ग्रेगाइट हे लोह-गंधकाचंच दुसरं खनिज मागे उरतं. ते चांगलंच चुंबकीय असतं, आणि थर साचल्यावर कितीतरी काळाने गाळातच तयार झालेलं असू शकतं. त्या उंचवट्याला थराचं वय लावू नका. आधी संपृक्त अवशिष्ट चुंबकत्वाला (जोरदार चुंबकक्षेत्र लावून काढून घेतल्यावर नमुन्यात उरणाऱ्या चुंबकत्वाला) ससेप्टिबिलिटीने भागून पाहा. ग्रेगाइट असेल तर हे गुणोत्तर बरंच जास्त येतं. तापवल्यावर ग्रेगाइट ४०० अंश सेल्सिअसच्या आतच मोडतं, मॅग्नेटाइटचं चुंबकत्व मात्र ५८० अंशांपर्यंत टिकतं.

हेच ग्रेगाइट हवा लागली की हळूहळू ऑक्सिडाइज होतं. कोअर महिनोन्‌महिने उघडा ठेवून किंवा नमुने गरम ओव्हनमध्ये सुकवून मोजलं, तर पुरावा आपणच पुसलेला असतो. कोअर सीलबंद आणि थंड ठेवा, मोजणी लवकर उरका.

ओल्या कोअरवरचं आकारमानाचं (ठरावीक आकारमानामागचं) ससेप्टिबिलिटीचं वाचन नमुन्यानमुन्यात ताडून पाहू नका. पाणी, कॅल्साइट, सेंद्रिय द्रव्य हे सगळं चुंबकीय कणांना पातळ करतं. गरम न करता सुकवून, वजन करून, वाचनाला वस्तुमानाने भागलं की पाण्याचा प्रश्न मिटतो, बाकीच्यांचा नाही. लोणारच्या गाळात कोरड्या काळातले गेल्युसाइट या क्षाराचे स्फटिक आहेत. तेही वाचन खाली आणतात. तिथे दुष्काळाचा निष्कर्ष बरोबर येईल, पण कारण चुकीचं असेल, आणि पुढच्या थरात तेच कारण फसवेल.

माणसालाही विसरू नका. काठावरचं जंगल तुटलं, नांगर फिरला की पाऊस न वाढताही माती तळ्यात येते. गाळातल्या परागकणांची, म्हणजे त्या काळच्या झाडापिकांची, नोंद शेजारी ठेवल्याशिवाय हा फरक कळत नाही.

आणि नमुने कापायला पोलादी सुरी नको, प्लास्टिकची घ्या. गंजाचा एक कण कमजोर नमुन्याचं वाचन बिघडवायला पुरतो.