पालकाचं पाकीट फोडण्याआधी

पालक हे घाईचं पीक. पेरल्यापासून महिना-सव्वा महिन्यात पहिली कापणी, मग दर पंधरा-वीस दिवसांनी पुढची. मधे काही बिघडलं तर सुधारायला वेळच मिळत नाही. म्हणून जे काही करायचं ते बी मातीत जायच्या आधी, आणि ही यादीही तेवढ्यापुरतीच.

आधी वेळ ठरवा. आपल्याकडे, म्हणजे सांगली-साताऱ्यात, शाळू पेरायची जी वेळ, साधारण तीच पालकाची: घट बसायच्या सुमारापासून दिवाळीपर्यंत. अडचण एकच, हस्ताचा पाऊस. तो कोसळला की नुकतं पेरलेलं बी वाहून वाफ्याच्या एका कोपऱ्यात गोळा होतं आणि तिथंच झुपका उगवतो. सांगली-मिरजेत हस्त ओसरू द्यावा. साताऱ्यात, त्यातही डोंगराच्या पायथ्याला, आणखी थोडं थांबलेलं बरं. जत, आटपाडी, माणकडच्या कोरड्या भागातल्या मंडळींना हे सांगायची गरज नाही. ते त्याच पावसावर पेरून मोकळे होतात. होळीनंतर पेरू नये असं नाही, पण उन्हाळ्यात पानं बारीक राहतात आणि झाड लवकर दांड्यावर येतं, म्हणजे फुलाचा दांडा काढतं. पेरायचाच असेल तर दुपारच्या सावलीची जागा शोधा.

जागा रोज पाच-सहा तास ऊन मिळणारी हवी. पूर्वेकडची असेल तर उत्तम. शेवग्याखाली, आंब्याखाली नको. सावलीपेक्षा त्यांची मुळंच जास्त त्रास देतात. नळाच्या मोरीचं साबणाचं पाणी जिथं मुरतं तिथंही नको.

आता माती, आणि इथं मात्र घाई करू नका. निवडलेल्या जागी हातभर खोल खड्डा घ्या, एकदा पाण्यानं भरून जिरू द्या आणि परत भरा. दुसऱ्यांदाचं पाणी दोन-तीन तासांत गेलं तर सपाट वाफा चालेल. संध्याकाळी भरलेलं सकाळीही दिसत असेल तर वीतभर उंच गादीवाफाच करा, कारण पाणी तुंबलं की रोपं पिवळी पडतात आणि बुडातून कोलमडतात. सांगलीच्या बहुतेक अंगणांत काळी माती असते, म्हणजे उत्तर बहुधा गादीवाफा हेच. साताऱ्याच्या पश्चिम अंगाला तांबडी माती लागते. तिचा निचरा चांगला, पण खत आणि पाणी दोन्ही लवकर संपतं.

काळ्या रानाला वाफसा येईपर्यंत हात लावू नये हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, अंगणवाल्याला सांगावं लागतं. मूठभर माती दाबा. हाताला चिकटून लाडू वळला तर दोन दिवस थांबा. दाबल्यावर गोळा झाला आणि बोटानं टोचताच भुगा झाला, तर कुदळ घ्या. ओल्यात खणलं की जी ढेकळं होतात ती पुढं हातोड्यालाही दाद देत नाहीत. वीतभर खणा, लव्हाळ्याच्या गाठी आणि हराळीची मुळं हातानं वेचून काढा. खुरप्यानं तुकडे केलेत तर एकाची दहा होतात.

माती सुकल्यावर वर पांढरा थर दिसतो का तेही बघा. कृष्णाकाठच्या पट्ट्यात उसाला वर्षानुवर्षं भरमसाट पाणी देऊन क्षारपड झालेली रानं आपण पाहतोच. तो प्रकार घराच्या आवारातही असतो. त्यानं हिरमुसून जाऊ नका. पालक हा बिटाच्या कुळातला, मीठ बऱ्यापैकी सोसतो, अशा जागी मेथीपेक्षा भरवशाचा. नाजूक असते ती फक्त उगवण. तेव्हा बोअरचं पाणी मचूळ असेल तर पहिले दहा-बारा दिवस नळाचं पाणी घाला, पुढं बोअरचं चालून जातं. पुराचा गाळ आयता मिळतोय म्हणून वाफ्यात ओतू नका. मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या रानातला गाळ वेगळा आणि २०१९, २०२१ सारख्या पुरात गावातली गटारं पोटात घेऊन आलेला गाळ वेगळा. पालेभाजीला दुसरा नकोच.

खत म्हणजे कुजलेलं शेणखत. चार बाय दहा फुटांच्या वाफ्याला एक-दोन घमेली पुरतात. ते खरंच कुजलंय का याची परीक्षा सोपी: शेणाचा वास येऊ नये, आत हात घातला तर गरम लागू नये. उकिरड्यावरून आणलं असेल तर आधी उन्हात पसरा आणि इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकडी, पांढरी, जाडजूड अळी दिसते का बघा. ती हुमणी. उसाच्या पट्ट्यात तिची ओळख करून द्यायला नको. कच्च्या खतातून वाफ्यात आली की रोपांची मुळं कुरतडते. साळुंक्या जमल्या तर जमू द्या, फुकटची मजुरी आहे. शेणखत नसेल तर गांडूळखत अर्ध्या मापानं घ्या. युरियाच्या भानगडीत घरच्या वाफ्यासाठी पडूच नये असं माझं मत. पानं काळीभोर दिसतात खरी, पण मऊ लुसलुशीत पानावर मावाही आधी बसतो.

बी कृषी सेवा केंद्रातून घ्या आणि पाकिटावरची शेवटची तारीख वाचा. ‘ऑल ग्रीन’ ही जुनी, खात्रीची जात. दिल्लीच्या पुसा संस्थेची ‘पुसा ज्योती’ मिळाली तर तीही चांगली. विलायती पालकाचं बी वेगळं, त्याला थंडी लागते; आपल्याकडे ते पेरायचंच तर कार्तिक लागल्यावर. वर सांगितलेल्या वाफ्याला दहा ते पंधरा ग्रॅम बी रग्गड होतं. गुलाबी-निळा रंग लावलेलं बी म्हणजे त्यावर औषध आहे: हात धुवा, पोरांच्या हाती देऊ नका, उरलेलं पाखरांना टाकू नका.

शंका असेल तर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवा. दहांतून बारा-पंधरा कोंब निघाले तर चक्रावू नका. पालकाची ‘बी’ म्हणजे खडबडीत गाठ असते, तिच्यात दोन-तीन बिया एकत्र असतात. म्हणूनच पालक कितीही विरळ पेरला तरी दाट उगवतो आणि विरळणी टळत नाही. उपटलेली कोवळी रोपं सरळ आमटीत. हीच गाठ कठीण असल्यामुळं बी रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी सावलीत फडक्यावर सुकवून पेरायचं. रंगीत बी मात्र भिजवू नका, धुऊन औषध जातं.

ओळींसाठी सुतळी आणि दोन खुंट्या काढून ठेवा. दोन ओळींत वीतभर अंतर, खोली बोटाच्या एका पेराएवढी. बी झाकायला मात्र काळी माती वापरू नका. पाणी पडून ऊन लागलं की तिच्यावर पोपडा धरतो आणि कोंबाला तो फोडता येत नाही. चाळलेलं शेणखत आणि बारीक वाळू अर्धं-अर्धं मिसळून एक बादली आधीच तयार ठेवा.

झारी बारीक भोकांची हवी. नसेल तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला तापल्या सुईनं भोकं पाडा. पाइपची धार वाफ्यावर सोडायची नाही. पेरल्यावर वाफा ओल्या किलतानानं (गोणपाटानं) झाका आणि चौथ्या दिवसापासून रोज सकाळी एक कोपरा उचलून बघा. पांढरे कोंब दिसले की त्याच संध्याकाळी किलतान काढायचं. उशीर झाला तर रोपं पिवळी, लांबुडकी होतात. मग चिमण्यांसाठी वर तुरकाट्या आडव्या टाका किंवा जुनी जाळी लावा. मऊ वाफा दिसला की शेजारची मांजरं तिथंच उकरतात, त्यांनाही हेच औषध. ओळींच्या मधे अंथरायला उसाचं पाचट अर्धं पोतं मागून आणा, आपल्या जिल्ह्यांत कुणी नाही म्हणणार नाही.

गच्चीवाल्यांनी तासगावकडं द्राक्षाला वापरतात तसे प्लास्टिकचे क्रेट मिळवावेत. आतून किलतान लावून माती, खत, कोकोपीट भरलं की झालं. पालकाला वीतभर खोली पुरते. क्रेट विटांवर ठेवा, नाहीतर स्लॅब ओलावेल. काळा क्रेट उन्हात तापतो, त्याला दुपारची सावली बघा.

नागअळीसाठी वेगळं काही आणायची गरज नसते. पानावर नागमोडी पांढरी रेघ दिसली की ते पान तोडून लांब टाका, खताच्या खड्ड्यात नको. घरात निंबोळ्या साठवलेल्या असतील तर पाच टक्के अर्क, म्हणजे लिटरला पन्नास ग्रॅम चूर्ण रात्रभर भिजवून, गाळून फवारा.

कापणीसाठी विळा आत्ताच पाजळून आणा. बोथट विळ्यानं झाड मुळासकट उपटतं आणि पुढच्या चार कापण्या जातात. बुडाशी दोन बोटं ठेवून कापायचं. आणि सगळं बी एकदम पेरू नका. चार-दोन जुड्या एका दिवशी आल्या तर शेजारी वाटत फिरावं लागतं. अर्धा वाफा आज, अर्धा पंधरा दिवसांनी. उरलेलं बी पाकिटासकट घट्ट झाकणाच्या बरणीत घालून थंड जागी ठेवा आणि बरणीवर पेरणीची तारीख लिहा.